बारा अक्षरे

"सटवाचा याकोब, याकोबाचा इलीशा आणि इलीशाची मी सुवार्ता. लिहा," मी म्हटले. "मधले एकही नाव गाळू नका."

मी दारातल्या खुर्चीवर बसले होते आणि आमच्या गावचा नवा ग्रामसेवक अभिमन्यू वहीवर पेन टेकवून माझ्यासमोर उभा होता. त्याने फक्त माझे नाव विचारले होते. परंतु जो माणूस एखाद्या घराची भिंत पुसायला येतो, त्याला त्या घरातली माणसे ठाऊक असावीत असे माझे मत आहे. सटवा निजामाच्या अमलात गावकीची कामे करीत असे आणि त्याची बसण्याची जागा चावडीच्या पायरीच्या खाली होती. त्याच्या मुलाने बाप्तिस्मा घेतला, याकोब हे नाव घेतले आणि आमच्या घराण्यातली पहिली सही केली. इलीशाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेशीबाहेर रस्त्याला लागून हे घर बांधले. मी याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवले, त्यांतली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. हे सर्व मी अभिमन्यूला सांगितले आणि त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले.

त्याच्यामागे ग्रामपंचायतीचा शिपाई सुग्रीव चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन उभा होता. सुग्रीव माझाच विद्यार्थी. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"मॅडम, तक्रार आलीय," अभिमन्यू म्हणाला.

"बाई म्हणा."

"बाई, तुमच्या भिंतीवर एका उमेदवाराचा प्रचार लिहिलाय. आचारसंहिता लागू हाय. तो मजकूर झाकावा लागंल."

कोणता मजकूर, असे मी विचारले. तो चार पावले मागे सरकला, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि मान वर करून त्याने मोठ्याने वाचले, "परमेश्वर चांगला आहे."

दिंद्रुडकडून येणाऱ्या एस.टी.ला आमच्या गावचे जे पहिले घर दिसते ते माझे. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ही तीन पदे एकवीस वर्षे आहेत. निळी अक्षरे, पांढरी भिंत. एकवीस वर्षांत त्यांचा अर्थ कोणाला चुकला नव्हता. यंदा सरपंचपदाला दोघे उभे राहिले. एक आप्पाराव आणि दुसरा परमेश्वर. आमच्या भागात हे नाव चार घरांआड सापडते, त्यात नवल नाही. पण या परमेश्वराने अर्ज भरला त्याच दिवशी त्याला कोणीतरी माझ्या भिंतीखाली हात जोडून उभे केले, फोटो काढला आणि तो गावातल्या प्रत्येक फोनवर जाऊन पोचला. मग आप्पारावाने तहसीलला लेखी तक्रार दिली.

हे सर्व ऐकून मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले. सुग्रीवाने कुंचा चुन्यात बुडवलेला दिसला तेव्हा ते थांबले.

"हे पवित्र शास्त्रातले वचन आहे," मी अभिमन्यूला सांगितले. "यातला परमेश्वर मतपत्रिकेवर नाही."

त्याला ते कळत होते. तो तलवाड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, मर्यादेने बोलणारा मुलगा. त्याने सांगितले की त्याला वर उत्तर द्यायचे आहे, अकरा दिवसांचाच प्रश्न आहे, निकाल लागला की चुना धुऊन देऊ. चुना धुऊन निघतो हे तुम्हाला कोणी शिकवले, असे मी विचारले.  मी त्याच्याकडून पंचनाम्याचा कागद मागून घेतला आणि वाचला. त्याने 'भींत' लिहिले होते. मी वेलांटी ऱ्हस्व करायला लावली. त्याने केली.

"बाई, एक विचारू का?" कागद परत घेताना तो म्हणाला. "हे वचन हाय तर त्याच्या म्होरं काहीतरी असंल ना? तेवढं लिहून टाका. पुरं वाचलं की कोणालाच वाटणार न्हाई की हे माणसाबद्दल हाय. मला बी तसं उत्तर देता येईल."

मी म्हटले, "मला जेवढे लिहायचे होते तेवढे लिहिलेले आहे."

माझा आवाज जरा चढला असावा. त्याने उद्या दुपारी बारापर्यंतची मुदत दिली आणि तो निघाला. सुग्रीव दोन पावले मागे रेंगाळला.

"बाई, मला बादली धरायला लावली. मी काय करू."

"सरळ धर," मी म्हटले. "चुना सांडतोय."

अभिमन्यूचे म्हणणे बरोबर होते. वचनाला पुढे आहे.

एकवीस वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, माझी एकुलती एक मुलगी करुणा तीन दिवसांच्या तापाने गेली. एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिचे वडील त्याआधी चार वर्षे गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. बीडला नेले, डॉक्टरांनी त्यांच्याकडून होते ते सगळे केले. मी तिच्या उशाशी बसून स्तोत्रे वाचली. जी स्तोत्रे मला बापाने पाठ करवली होती, ती सगळी. चौथ्या दिवशी सकाळी तिला आम्ही गावी परत आणले आणि ओढ्यापलीकडच्या आमच्या जागेत पुरले. तिथे तेव्हा सहा कबरी होत्या, ही सातवी.

दुसऱ्या दिवशी बायका बसायला आल्या. शेजारची भिवराबाई माझ्याहून लहान, ऊसतोडीला जाणारी, तोंडाने फटकळ पण मनात काही न ठेवणारी. तिने सगळ्यांच्या देखत विचारले, "बाई, येवढं आळवलं तुमी तुमच्या देवाला. त्यानं कावून आइकलं न्हाई?"

तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. बाकीच्या बायका मात्र माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या आणि त्यांच्या नजरेत जे होते ते मला सहन झाले नाही. माझ्या पणजोबाला या गावाने पायरीखाली बसवले. माझ्या आजोबाला देव बदलला म्हणून विहिरीवर अडवले. आता माझ्या देवाची कीव करायला हेच गाव माझ्या ओसरीवर बसले होते. मी उठले आणि बन्सीला बोलावणे धाडले.

बन्सी पेंटर. पंचक्रोशीतली दुकानांची नावे, शाळेचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि चौदा एप्रिलच्या कमानी, सगळे त्याच्या हातचे. तो अक्षरावर मजुरी घेई आणि जोडाक्षराची दोन धरी. जोडाक्षर हे एकच अक्षर असते यावरून शाळेच्या फळ्यांच्या वेळी माझे आणि त्याचे अनेकदा वाजले होते. तो म्हणे, तुमची बाराखडी काय बी म्हणू द्या, माझ्या हाताला दोनदा वळावं लागतं. शेवटी त्याने माझ्यापुढे हार मानली होती आणि माझ्या घरच्या कामाला एकच धरायचे कबूल केले होते.

मी त्याला नहूम संदेष्ट्याचे वचन दिले. नहूमाचे पुस्तक लहान आहे, तीन अध्यायांचे, आणि ते रागाने भरलेले आहे. रथ, तलवारी, उद्ध्वस्त नगर. त्या सगळ्या रागाच्या मधोमध तो माणूस एकदम थांबतो आणि म्हणतो, परमेश्वर चांगला आहे, विपत्काली तो शरणदुर्ग आहे. प्रसन्न मनाने लिहिलेल्या वचनांवर माझा त्या आठवड्यात विश्वास बसत नव्हता. हे वचन दातओठ खाऊन लिहिलेले वाटले म्हणून मी ते घेतले. बन्सीने अक्षरे मोजली, बावीस भरली. बाविसांची मजुरी मी त्याच्या हातावर आधीच ठेवली.

त्याने पहिली तीन पदे लिहिली. दहा अक्षरे. रस्त्याने जाणारे थांबून वाचत होते आणि मी दारात ताठ उभी होते. मग त्याने पुढच्या ओळीसाठी खडूने रेघ आखली आणि शिडीवरून विचारले, "बाई, म्होरचा शबुद एकदा फोडून सांगा. जोडाक्षर हाय ना त्यात?"

मला तो शब्द उच्चारता आला नाही.

मी म्हटले, "पुरे झाले. उतर खाली."

"अजून बारा अक्षरं हायेत की."

"नकोत."

त्याने मजुरी परत द्यायला हात पुढे केला. दिलेले परत घेण्याची आमच्याकडे रीत नाही. तो म्हणाला की मग बारा अक्षरं माझ्याकडं बाकी ऱ्हायली, तुमी म्हणाल तवा लिहितो. एकवीस वर्षे तो नाताळाला माझ्याकडे करंज्या खायला आला, एकवीस वर्षे मी त्याच्याकडे जयंतीच्या जेवणाला गेले, आणि निघताना दर खेपेस तो विचारी, "बाई, अक्षरं?" मी मानेनेच नाही म्हणे. इतर बोलणे त्या विषयावर कधी झाले नाही.

गावाला वाटले, बाईंनी पोरगी पुरली आणि तिसऱ्या दिवशी देवाची साक्ष भिंतीवर लिहिली. पाळकसाहेबांनी तर तीन मंडळ्यांत प्रवचनात माझा दाखला दिला. मला त्यांना थांबवायचे होते, पण काय सांगणार? मी अर्धीच साक्ष दिली होती. तो चांगला आहे, हे मी म्हणू शकत होते, गावाच्या तोंडावर, मान न वाकवता. ते त्याच्याबद्दलचे वाक्य होते. शरणदुर्ग हे माझ्याबद्दल होते. विपत्तीच्या दिवशी मी त्या दुर्गाचे दार ठोठावले होते आणि ते उघडले गेले नव्हते. शास्त्रातली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परत आली, तेव्हा तिने बायकांना सांगितले, मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिला आहे. हे तिने स्वच्छ शब्दांत सांगितले आणि शास्त्राने ते जसेच्या तसे लिहून ठेवले. मी तिच्याहून कमी स्पष्टवक्ती नाही. मी फक्त गावासमोर बोलले नाही. जे लिहिले नाही त्यातून त्याला सांगत राहिले, आणि त्याला ते समजत होते याबद्दल मला कधीच शंका आली नाही.

ग्रामसेवक येऊन गेला त्या दुपारी परमेश्वर आला. आमचा, चौथीत माझ्या हाताखाली शिकलेला. गणित उत्तम, अक्षर गचाळ. गळ्यात उपरणे, मागे दोघे-तिघे. त्यांना त्याने फाटकाबाहेर थांबवले, माझ्या पाया पडला आणि जमिनीवरच मांडी घालून बसला. ही नम्रता निवडणुकीपुरती असली तरी त्याला ती शोभत होती.

त्याने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग सांगितले की ग्रामसेवकाचे तो पाहील, वरच्या साहेबांशी त्याचे बोलणे झाले आहे, चुन्याची बादली आता परत येणार नाही. मी फक्त भिंत आहे तशी राहू द्यायची. काही लिहायचे नाही, काही पुसायचे नाही.

"तुमच्या तीन शबदांनी माझी चाळीस मतं वाढली बाई," तो हसत म्हणाला. "आन् तुमचं काम बी मी इसरलेलो न्हाई."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीस चारी बाजूंनी पक्के कुंपण, लोखंडी फाटक आणि आत जायला सिमेंटचा रस्ता, पहिल्याच ग्रामसभेत ठराव. खाली त्याची सही.

त्या जागेसाठी मी अकरा वर्षे अर्ज करीत होते. तिथे कुंपण नाही. डुकरे येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी करुणेच्या उशाची माती उकरली तेव्हा मी स्वतः, या वयात, बाभळीच्या फांद्या ओढत नेऊन तिच्याभोवती लावल्या आणि माझे दोन्ही हात आठवडाभर सुजले होते. हे गावात सर्वांना ठाऊक होते. परमेश्वरालाही.

मी कागद दोनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, अर्थात कोणाकडून तरी लिहून घेतला होता. तो कागद माझ्या हातात किती वेळ होता ते मी सांगू शकत नाही. मी तो लगेच परत केला नाही, एवढे इथे लिहिले पाहिजे.

"करुणाताई माझ्या दोन वर्सं म्होरं व्हत्या," परमेश्वर हळू आवाजात म्हणाला. "मला पाढे त्यांनीच शिकवले. अकरा दिस बाई, जास्ती न्हाई. आन् त्यात खोटं तरी काय हाय? मी काय चांगला न्हाई का?"

हे तो बोलला नसता तर माझ्या हातून काय झाले असते, देव जाणे.

मी म्हटले, "परमेश्वर, तुझ्या आजीने तुझे नाव त्याच्यावरून ठेवले. त्याचे नाव तुझ्यावरून ठेवलेले नाही."

तो हसला. मी हसत नव्हते.

"आणि ते वाक्य तिथे संपत नाही. पुढचे ऐकून जा. विपत्काली तो शरणदुर्ग आहे. टाळेबंदीत ऊसतोडीहून आपली एकोणचाळीस माणसे चालत गावी आली, त्यांत पाच तान्ही लेकरे होती. वेशीत काटे टाकून त्यांना कोणी अडवले? हातात काठी घेऊन पुढे कोण उभा होता?"

"गावाच्या भल्यासाठी केलं बाई. रोग आत आला असता."

"असेल. मी त्याचा निवाडा करीत नाही. पण त्या दिवशी शरणदुर्ग तू नव्हतास. म्हणजे हे वाक्य तुझे नाही, आणि तुला ते मी अकरा दिवस काय, अकरा घटका वापरू देणार नाही."

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला आणि उठला.

"मंग कुंपणाचं ऱ्हायलं म्हणायचं."

"राहिले."

फाटकाशी जाऊन तो वळला. "चौथीत मला नापास केलतं तवा बी तुमी आसंच बोललात," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात राग होता की आदर, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तो गेला.  मग माझ्या ध्यानात आले की मी 'विपत्काली' हा शब्द उच्चारला आहे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, दुसऱ्याच्या डोक्यात घालायला म्हणून.

आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्या पलीकडे भिवराबाई सुपात ज्वारी निवडीत बसली होती. तिने सगळे ऐकले होते आणि ऐकले नाही असा बहाणा करण्याची तिला सवय नाही.

"बाई, ते दुर्ग काय म्हन्लात?"

"शरणदुर्ग. संकटात पळून जाऊन लपायची जागा."

"आस्सं," ती म्हणाली आणि तिने सूप दोनदा पाखडले. "मंग त्या काट्याच्या टायमाला आमी इथंच व्हतो की. तुमच्या ह्याच भिंतीआड. तेरा दिस."

ज्वारीचा भाव सांगावा तशी ती बोलली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

तेरा दिवस. हो. माझे घर वेशीबाहेर असल्याने परमेश्वराचे काटे माझ्या फाटकापर्यंत पोचत नव्हते. मी फाटक उघडले आणि एकोणचाळीस माणसांना अंगणात घेतले. शाळेची मोठी पातेली मागवली. लेकरांना ओसरीवर निजवले. ज्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ती तीन पदे होती, तिच्या आतल्या अंगाला टेकून भिवराबाई आणि तिची माणसे निजत होती. मी ते सर्व परमेश्वराच्या नाकावर टिच्चून केले होते आणि त्याचा मला अभिमान होता. ते अंगण मी उघडले, असे मी समजत होते.

"भिवरा," मी म्हटले, "तू तुझे दाणे निवड."

"निवडतेच हाय की," ती म्हणाली.

मी आत जाऊन शास्त्र उघडले नाही. मला ते पाठ आहे. खुर्चीत बसून मी त्याच्याशी भांडले, आणि ते भांडण सभ्य नव्हते. त्यांच्यासाठी तू भिंत झालास, मी म्हटले, बरे केलेस, पण माझ्या लेकीच्या वेळी कुठे होतास? त्याने उत्तर दिले नाही. एकवीस वर्षे दिले नव्हते, त्या दुपारीही दिले नाही, आणि कोणी सांगेल की मला शांती लाभली तर ते खरे मानू नये. स्तोत्रकर्त्याने म्हटले आहे की जिवंतांच्या भूमीत त्याचे चांगुलपण पाहीन असा भरवसा मला नसता तर माझे काय झाले असते. मला ते वाक्य नेहमी अपुरे वाटे, कारण माझे माणूस त्या भूमीत उरले नव्हते. पण भिवराबाई उरली होती. तिची पाच नातवंडे उरली होती. ती माझ्या भिंतीआड होती आणि ही गोष्ट घडलेली होती. माझ्या वाट्याला आले नाही म्हणून शेजारणीला मिळाले ते खोटे, असे मला म्हणता येईना. एखाद्या मुलाने खरे वाक्य माहीत असून रागाने अर्धे लिहिले असते, तर मी त्याचे गुण कापले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बन्सीला निरोप पाठवला. तो आठला आला, चालत. बहात्तर वर्षांचा झाला आहे. फ्लेक्स आल्यापासून त्याला काम नाही आणि एका डोळ्याने त्याला अंधूक दिसते. निळ्या रंगाचा डबा मात्र भरलेला होता.

"जयभीम बाई."

"जय ख्रिस्त, बन्सी. अक्षरे आणलीस?"

"आनायची कशाला? घरातच पडून व्हती," तो म्हणाला. त्याने शिडी लावली, हाताने चाचपून पाहिली आणि चार पायऱ्या चढून भिंतीवर खडूने रेघ ओढली. मग तो खाली माझ्याकडे न पाहता थांबून राहिला. एकवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. मीच रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले आणि वर्गात शुद्धलेखन घालावे तसे सांगू लागले.

"वि."

त्याने लिहिले.

"प."

त्याने लिहिले.

"त्का. जोडाक्षर आहे. अर्धा त, त्याला का."

"एकच धरायचं ना बाई?"

"एकच."

पुढचे 'ली' मला लगेच सांगता आले नाही. बन्सी ब्रश भिंतीपासून वीतभर दूर धरून वाट पाहत राहिला. दिंद्रुडची एस.टी. आमच्या मधून गेली, धूळ बसली, मग मी 'ली' म्हटले.

त्याचा हात कापत होता. रंग लावतानाही कापत होता. दोनदा त्याला खाली उतरून बसावे लागले. भिवराबाईने चहा आणला आणि तिथेच हात कमरेवर ठेवून उभी राहिली. बाराला दहा कमी असताना अभिमन्यू आला. मागे सुग्रीव आणि बादली. त्यांच्यामागून मोटरसायकलवर आप्पाराव, भिंत पांढरी होताना स्वतः पाहायला. तोही माझ्याच वर्गातला. तोवर 'श' आणि 'र' झाले होते.

"बाई, वेळ झाली," अभिमन्यू म्हणाला.

"वाक्य पूर्ण होऊ द्या," मी म्हटले. "तोवर उभे राहा."

ते तिघे रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले. बन्सीने 'र्ग' वरचा रफार दिला तेव्हा आप्पाराव ओठ हलवून वाचीत होता. शेवटचा 'हे' झाल्यावर त्याने विचारले, "मंग ह्यात आता परमेश्वरचं काय ऱ्हायलं?"

"त्याचे काहीच नव्हते."

आप्पाराव फार खूश झाला. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले की तो निवडून आला तर ओढ्यापलीकडचे कुंपण पहिल्या महिन्यात करील.

"तुझेही नाव मी लिहिलेले नाही, आप्पाराव," मी म्हटले. "अर्ज ग्रामपंचायतीत पडलेला आहे. करायचे तर त्यावर कर. माझ्या भिंतीसमोर उभे राहून बोलू नकोस."

भिवराबाई पदर तोंडाला लावून हसली. आप्पाराव मोटरसायकल चालू करून गेला. अभिमन्यूने वहीत लिहिले की सदर भिंतीवरील मजकूर धार्मिक वचनाचा असून तो संपूर्ण आहे, कोणत्याही उमेदवाराशी त्याचा संबंध दिसून येत नाही. मी ते वाचले. 'भिंत' बरोबर होते. मी सही केली, बापाच्या नावासकट. सुग्रीव चुन्याची बादली घेऊन परत निघाला आणि या खेपेस त्याने ती अगदी सरळ धरली होती.

निवडणुकीत काय झाले ते सांगण्याचे इथे कारण नाही. ओढ्यापलीकडे अजून बाभळीच्या फांद्याच आहेत आणि त्या मीच बदलते.

सगळे गेल्यावर बन्सी शिडीवरून उतरला, रस्त्यापलीकडे गेला आणि माझ्या शेजारी उभा राहून पाहू लागला. वरची ओळ उन्हापावसाने फिकी झाली होती, खालची गडद होती. 'दुर्ग' थोडे उजवीकडे कलले होते आणि शेवटचा 'हे' रेघेच्या खाली उतरला होता. चौतीस वर्षांत मी कोणाचे वाकडे अक्षर चालवून घेतले नव्हते. त्यालाही ते माहीत होते. तो माझ्या बोलण्याची वाट पाहत होता.

मी काही बोलले नाही.

मग त्याने ब्रशची दांडी पुढे धरली आणि एका डोळ्याने नेम धरून एकेक अक्षर मोजायला सुरुवात केली. वरची दहा. खालची बारा. मोजून झाल्यावर त्याने ब्रश चिंधीत गुंडाळला.

"बावीस झाली बाई. फिटलं का?"

मी वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचले. वाचताना मध्ये थांबले नाही.

"फिटले, बन्सी," मी म्हटले. "सगळी पोचली."